घोट उतरेना तेव्हा

लातूरला ज्या थेरपिस्टकडे मी गिळायला शिकते, तिच्या दाराबाहेरच्या बाकावर मागच्या महिन्यात एक बाई भेटली. शेजारी नवरा व्हीलचेअरवर, त्याच्या नाकात नळी. बाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ताई, डॉक्टर न्हाई म्हणतेत, पण जरा पातळ पातळ पेज पाजली तर काय होतंय? तेवढाच पोटाला आधार." मी त्या बाईवर अशी काही ओरडले की आतून थेरपिस्ट धावत आली. बाई रडायला लागली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिला जवळ बसवलं, पाणी आणून दिलं आणि माझी सगळी हकीकत सांगितली. तीच इथं लिहून राहिले. कुणाच्या तरी उपयोगी पडेल, आणि मलाही पुढच्या माणसावर ओरडावं लागणार नाही.

मी तापट आहे हे आता कळलंच असेल. बावीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आहे. पोरं मला घाबरतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

कांद्याची मुळी

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या. मी बहिःस्थ परीक्षक म्हणून लातूरहून नांदेडच्या एका कॉलेजात गेले होते. एका मुलीनं कांद्याच्या मुळीची स्लाइड लावली होती, ती बघायला मी मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर सगळ्या पेशी गरगर फिरायला लागल्या. मला वाटलं, यंत्रच ढिलं आहे. तिथल्या प्रयोगशाळेत निवृत्तीला आलेले एक काका होते, त्यांना झापलं, "मायक्रोस्कोप नीट ठेवता येत नाहीत का तुम्हाला?" ते बिचारे यंत्र तपासायला वाकले. मी डोळा काढला तरी खोली फिरतच होती.

उलटी झाली. शिक्षकांच्या खोलीतल्या बाकावर मला आडवं केलं. सगळे म्हणाले, मॅडम, दवाखान्यात चला. मी म्हणाले, "काही नाही, कानातला तोल गेलाय. व्हर्टिगो. मी जीवशास्त्राची बाई आहे, मला कळतं." दीड-दोन तास तशीच पडून राहिले. हा माझा पहिला मूर्खपणा, आणि तो शिकलेल्या माणसाचा मूर्खपणा होता.

त्या काकांनीच मला पाण्याचा ग्लास दिला. एक घोट घेतला तर तो नाकातून बाहेर आला. "काय झालं हे?" असं विचारायला गेले तर आवाज घोगरा, भलत्याच बाईचा. काका माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "मॅडम, तुमची डाव्या डोळ्याची पापणी खाली आलीय. आता तुमचं काही ऐकणार न्हाई मी." आणि खरंच ऐकलं नाही. रिक्षा बोलावली, मला धरून बसवलं, दवाखान्यात पोचवलं.

वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. अचानक तोल गेला, आवाज बदलला, पाणी गिळता येईना, एकाचे दोन दिसायला लागले, तर कान-पित्त करत घरी लोळू नका. निघा.

देठ

सीटी स्कॅनमध्ये काहीच आलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांचा मात्र पडला नव्हता, त्यांनी एमआरआय करायला लावला. संध्याकाळी माझा नवरा मिलिंद लातूरहून पोचला तेव्हा रिपोर्ट त्यांच्या हातात होता.

"ब्रेन स्टेममध्ये स्ट्रोक आहे. मेड्युलाच्या डाव्या बाजूला," डॉक्टर म्हणाले.

मिलिंद सरकारी ऑफिसात कारकून. त्यानं माझ्याकडं बघितलं, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरानं बघावं तसं. मी घोगऱ्या आवाजात त्याला समजावून सांगितलं. मेंदू फळ असेल तर हा त्याचा देठ. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. देठाच्या वर, मोठ्या मेंदूच्या पोटात दडलेला डायनसेफॅलॉन. त्यात थॅलॅमस, डोळ्याकानांकडून, कातडीकडून येणाऱ्या बातम्या वर पोचवणारा, आणि हायपोथॅलॅमस, भूक, तहान, झोप, अंगाची ऊब सांभाळणारा. त्याखाली देठ सुरू होतो: मिडब्रेन, पॉन्स आणि सगळ्यात खाली मेड्युला. पोरांकडून मी एका दमात पाठ करून घ्यायची: श्वास, ठोके, गिळणं, खोकला, शिंक, उलटी, सगळं मेड्युला. दोन मार्क.

"म्हणजे तुझं काय गेलं?" मिलिंदनं विचारलं.

"एक मार्क," मी म्हणाले. तो हसला नाही. मग मला रडू आलं.

माझं डोकं शाबूत होतं. हात-पाय हलत होते. पण उभी केली की मी डावीकडं कलंडायची. चेहऱ्याची डावी बाजू बधिर झाली होती आणि मानेखाली उजव्या अंगाला गरम-गार कळत नव्हतं. सिस्टर कोमट पाण्यानं अंग पुसायची तेव्हा एकच पाणी डाव्या हाताला ऊन लागायचं आणि उजव्या हाताला नुसतं ओलं. हे सगळं सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. गिळण्याचं मात्र त्यांनी मोकळेपणी सांगितलं. "बहुतेकांचं परत येतं. कधी, ते सांगता येत नाही. तोवर नाकातल्या नळीतून. तोंडातून पाण्याचा थेंबसुद्धा नाही. पाच-सहा आठवड्यांत नाही जमलं, तर पोटात नळी बसवावी लागेल."

उचकी

माझी माय मूळ इस्लापूरची. किनवटला मुलींच्या वसतिगृहात तिनं तीस वर्षं स्वयंपाक केला. दोन वेळा दोनशे ताटं. माझे बाप लवकर गेले; मी त्याच चुलीच्या धगीला बसून अभ्यास केला. बातमी कळली तशी ती किनवटहून पहिल्या गाडीनं नांदेडला आली.

आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि नळी बघून मिलिंदला म्हणाली, "बोलून राहिली, वळखून राहिली, मंग जेवाया काऊन देईनात हिला?"

तेव्हा मला उचकी लागलेली होती. साधी नाही, पुढं चार दिवस टिकलेली. आपल्याकडं उचकी लागली की कुणी तरी आठवण काढतंय म्हणतात. बरोबर नाव घेतलं की उचकी थांबते. माय पलंगाशेजारी बसून नावं घ्यायला लागली. माझी लेक, जी तेव्हा आत्याकडं लातूरला होती. नणंदा, भावजया, वसतिगृहातल्या मैत्रिणी. किनवटची सगळी गल्ली संपली, मग इस्लापूर. उचकी थांबेना. शेजारच्या पलंगावरची म्हातारी पण मदतीला आली, "तुमच्या शाळेची पोरं आठवण काढत असतील हो बाई." सगळ्यात शेवटी माय हळूच म्हणाली, "तुझा बाप असंल. त्याचा लई जीव होता तुझ्यावर."

मला पक्कं माहीत होतं की ही उचकीसुद्धा त्या देठातल्या इजेचीच. पण मी मायला सांगितलं नाही. ती बापाचं नाव घेऊन राहिली होती ते मला ऐकायचं होतं.

तहान

उपाशी राहणं जमतं. तहानेचं तसं नाही. नळीतून पाणी मोजून जात होतं, अंगाला कमी नव्हतं, पण घशाखाली घोट गेल्याशिवाय तहान भागली असं वाटतच नाही. वरचा हायपोथॅलॅमस शाबूत, त्याला खालच्या देठाची काय खबर? तो आपला पाणी मागतोय.

आणि लाज. आपली थुंकी आपल्याला गिळता येत नाही ही काय चीज आहे ते भोगल्याशिवाय कळत नाही. मी सारखी रुमालात थुंकायची. मिलिंद ते रुमाल रोज धुऊन दवाखान्याच्या खिडकीत वाळत घालायचा. लग्नानंतर वीस वर्षांत त्यानं स्वतःचा रुमाल कधी धुतला नव्हता. माझे केस गुंतले तर विंचरून वेडीवाकडी वेणीसुद्धा घातली त्यानं. सिस्टर हसल्या, मी पण हसले. अशा गोष्टींवर दिवस जातात.

तीन चमचे

दहाव्या दिवशी दुपारी मिलिंद औषधं आणायला खाली गेला. माय नांदेडच्या नातेवाइकांकडं उतरली होती, तिथून ती डबा घेऊन आली होती. मिलिंदचा असेल असं मला वाटलं. तिनं झाकण काढलं तर जिऱ्याचा वास. वरणाचं पाणी. वरचं, निवळ. वसतिगृहात कुठल्याही पोरीला ताप आला की माय तिला हेच पाजायची. आमच्याकडं आजारी माणसाला पहिलं तेच. पातळ, हलकं, बाधत नाही.

"लई पातळ हाय, सुजे. निस्तं पानी. सुर्रकन उतरंल," ती म्हणाली आणि दाराकडं बघितलं.

इथं थांबून सांगते, कारण ही चूक आपल्या घराघरांत होते. गिळणं बिघडलेल्या माणसाला सगळ्यात धोक्याचं असतं ते पातळच. घट्ट घास सावकाश सरकतो, घशाला श्वासाची वाट बंद करायला वेळ देतो. पाणी वेळ देत नाही, ते सरळ फुफ्फुसात उतरतं. आणि माझा घसा अर्धा बधिर, ठसकासुद्धा लागायचा नाही.

मायला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी तोंड उघडलं.

तीन चमचे. एवढं चांगलं मला आयुष्यात काही लागलं नाही. ठसका लागला नाही. मायच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, जमलं. डॉक्टरांना काय कळतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप भरला. दम लागला. दुपारपर्यंत मी आयसीयूत, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. डॉक्टरांनी पलंगाजवळ उभं राहून विचारलं, "तोंडातून काही दिलं का कुणी?"

"म्या," माय म्हणाली. "वरनाचं पानी. तीन चमचे."

"आजी, मुलगी गेली असती तुमची."

माझा हात हलत होता. मास्क असूनही मान हलवता येत होती. मी मान हलवली नाही. डोळे मिटून घेतले.

बाहेरचा बाक

माय त्यानंतर आत आली नाही. बाहेर बाकावर बसायची. मिलिंद तिच्याशी बोलेना. येता-जाता तिला टाळून पुढं जायचा. मला ते कळत होतं आणि मी कळू देत नव्हते. मनात म्हणायची, बरी झाले की सांगेन. ताप उतरला, मास्क निघाला, बोलता यायला लागलं, तरी नाही सांगितलं. बावीस वर्षं ज्या बाईनं हा धडा शिकवला, तिनं जाणूनबुजून तोंड उघडलं, हे नवऱ्याला आणि डॉक्टरला कसं सांगणार? अडाणी म्हातारीवर ढकलणं सोपं होतं.

सुट्टी मिळाली तेव्हा नाकातली नळी तशीच होती. लातूरला येताना माय पण आली. "लेकराला असं टाकून कुठं जाऊ?" एवढंच म्हणाली. पण घरात आल्यावर स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडेना. कुणी ताट वाढून दिलं तर चतकोर भाकरी खायची. मला तोंड धुवायला तांब्या द्यायचा झाला तरी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची. तीस वर्षं दोनशे ताटं वाढणारी माझी माय व्हरांड्यात नुसते हात मांडीवर ठेवून बसलेली असायची. ते बघून मी कूस बदलायची.

घाटा

थेरपिस्ट उदगीरकडची, माझ्या विद्यार्थिनी असतात त्या वयाची. पण शिस्त माझ्याहून कडक. जीभ दातांत धरून आवंढा गिळा. जोर लावा. परत. परत. तीन आठवडे मी कोरडे आवंढे गिळत होते. माझ्या गळ्यावर तिची चार बोटं असायची; घाटी वर उचलली गेली की ती "हं" म्हणायची. आधी दिवसातून दोन-तीनदाच म्हणायची. मग बऱ्याचदा म्हणायला लागली.

पाचवा आठवडा संपत आला होता. डॉक्टरांनी पोटातल्या नळीसाठी पुढच्या सोमवारचा दिवस ठरवला होता. शुक्रवारी थेरपिस्ट घरी आली आणि म्हणाली, "डॉक्टरांशी बोलले मी. आज पहिला चमचा देऊन बघू. पण मला घट्टपणा अगदी बरोबर पाहिजे. चमचा तिरपा केला की ओघळायला नको, गोळा होऊन सावकाश पडला पाहिजे. आणि एकसुद्धा गाठ नको."

मिलिंदनं ज्वारीच्या पिठाचा घाटा केला. गाठीच गाठी. थेरपिस्टनं चमच्यात घेतला, बघितला, बाजूला ठेवला. दुसऱ्यांदा केला तो पाण्यासारखा. तो पण बाजूला. मिलिंद घामाघूम झाला.

"घरात मुरलेल्या हाताचं कुणी नाही का?" थेरपिस्टनं विचारलं.

मिलिंद व्हरांड्याकडं बघून खाली बघायला लागला. मीच हाक मारली, "माय, आत ये."

ती दारापर्यंत आली. काय पाहिजे ते सांगितल्यावर तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "मह्या हातचं नगं, सुजे. मह्या हातानं एकदा झालं तेवढं बास."

आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला कळलं.

"माय, त्या दिवशी मला माहीत होतं," मी म्हणाले. आवाज घोगराच होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "पातळ माझ्यासाठी वाईट, हे मला माहीत होतं. तुला सांगितलं असतं तर तू थांबली असतीस. मी नाही सांगितलं. तहान लागली होती म्हणून तोंड उघडलं. आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा मुद्दाम डोळे मिटून पडले. सगळं तुझ्या माथी मारलं."

मिलिंद माझ्याकडं बघतच राहिला. माय दाराच्या चौकटीला धरून उभी. मला वाटलं ती रडेल.

रडली नाही. भडकली.

"तुला म्हाईत होतं?" ती म्हणाली. "येवढी शिकलीस, दुनियेच्या लेकरायला शिकवून राहिलीस, आन् म्हाईत असून तोंड उघडलं व्हय गं? महिना झाला मी रोज मरून राहिले! हे जावई मह्यासंगं बोलंनात! आन् तू तिथं डोळे मिटून पडली? लाज न्हाई वाटली तुला?"

"वाटली."

"वाटली म्हनं!"

असं ती पाच मिनिटं मला झोडपत होती. थेरपिस्ट मधे पडायला गेली, मी तिला हातानंच थांबवलं. किती दिवसांनी माझी माय माझ्यावर ओरडत होती. ऐकायला फार बरं वाटत होतं. मिलिंद खुर्चीवरून उठला आणि तिच्या पाया पडला, तर त्यालाही दोन शब्द बसले.

मग ती तशीच बडबडत स्वयंपाकघरात गेली. पातेलं आपटल्याचा आवाज आला. पीठ चाळण्याचा आला. थेरपिस्ट तिच्यामागं जाऊन बघून आली आणि मला म्हणाली, "न मोजता करून राहिल्यात." माय वाटी घेऊन आली. थेरपिस्टनं चमचा भरला, तिरपा केला. घाटा थांबला, थांबला, आणि एका गोळ्यात वाटीत पडला. तिनं परत भरला. परत तसंच. आतापर्यंत मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

अर्धा चमचा तिनं माझ्या जिभेवर उजव्या अंगाला ठेवला. "हनुवटी छातीला. श्वास धरा. जोरात गिळा. परत गिळा." तिची चार बोटं माझ्या गळ्यावर. माय पलंगाच्या पायथ्याशी, श्वास माझ्याऐवजी तिनंच धरलेला.

गिळलं. काही क्षण कळेना की गेलं कुठं.

"खोका." मी खोकले. "आ म्हणा." मी आ म्हणाले. आवाज ओला नव्हता, म्हणजे श्वासाच्या वाटेत काही गेलं नव्हतं. "तोंड उघडा." तोंड रिकामं होतं.

"उतरला," थेरपिस्ट म्हणाली.

मिलिंद भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. माझ्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, एका गालावर कळलं, दुसऱ्यावर नाही. मायनं मात्र पहिला प्रश्न विचारला तो असा, "मीठ बरोबर हाय का?"

मीठ नव्हतंच. चिमूटभरसुद्धा नव्हतं. भांडणाच्या भरात राहून गेलं होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

तिला शंका आली. वाटीत बोट घालून तिनं चाखलं आणि माझ्याकडं असं काही बघितलं, की दोनशे पोरी ताटाला का खिळून बसायच्या ते मिलिंदलाही कळलं असेल. "खोटं बोलून राहिली! अजून खोटंच बोलून राहिली!" वाटी घेऊन ती आत गेली, परत आली. थेरपिस्टनं चमचा तिरपा करून बघितला आणि मान हलवली. तिनं चमचा माझ्यासमोर आणला, तर मायनं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि पलंगावर माझ्याजवळ बसली.

"हनवटी खाली घे, सुजे," ती म्हणाली. "आन् आता काई बोलू नको. निस्तं गिळ."